काळधोंड्यावरचा घास

काळधोंडा बेट,
ता. ४ ऑक्टोबर १९३८

प्रिय हैदर,

पावसाळ्यानंतरची पहिली होडी परवा आली. जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत इथे होडी लागत नाही, त्यामुळे चार महिन्यांचं टपाल एकाच पिशवीत होतं. तुझी दोन पत्रं आणि लिंबाजीदादाचं एक. दादाचं आधी फोडलं. गोजर आषाढात गेली, ते मला आश्विनात कळलं. आठ दिवस ताप होता असं दादाने लिहिलं आहे. मी हिशेब करून पाहिलं, त्या आठ दिवसांत मी इथे दीपस्तंभाच्या बत्तीच्या काचा पुसत होतो. तेवढंच आठवतं.

दादाने आणखी एक लिहिलं आहे. दहाव्याला कावळा शिवला नाही. ऊन डोक्यावर येईपर्यंत सगळे नदीवर बसून होते, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तिचं कशात मन अडकलं असेल, असं त्याने विचारलं आहे. मला काय माहीत? लग्नाला दहा वर्षं झाली, त्यातली चार मी इथे आहे. बायकामाणसांना बेटावर राहायची परवानगी नाही.

रजा मागितली नाही. आता येऊन काय करू?

तुझ्याकडे एक काम आहे. या बेटावर उन्हाळ्याच्या शेवटी सुरय नावाचे समुद्रपक्षी येतात. पाठ राखी, पोट पांढरं, शेपूट दुभंगलेलं. पावसाळ्यात खडकाच्या कपारीत एकच अंडं घालतात. तीन वर्षांपूर्वी धान्याचं एक गलबत इथे फुटलं आणि त्यातून उंदीर बेटावर आले. त्यांना दुसरं कोणी मारणारं नाही, म्हणून माजले आहेत. यंदा एक अंडंही वाचलं नाही. एक पाखरू अंडं गेल्यावरही सहा दिवस त्याच जागी बसून होतं. मी रोज पाहत होतो.

माझा सोबती हरिचंद इथल्याच किनाऱ्यावरचा. तो हसतो. म्हणतो, "घाटावरल्या मान्सा, तुका पक्ष्यांची कसली काळजी? आधी अंडी आमी खायचंव, आता उंदीर खातत."

पण पुढच्या पावसाळ्यात मला ते पुन्हा पाहायचं नाही. तुमच्या आडतीच्या गोदामात तुम्ही उंदीर कसे संपवता ते विचारून लिही.

तुझा,
रामकिशन

---

आखाडा बाळापूर,
ता. २ नोव्हेंबर १९३८

रामकिशन,

तुझं पत्र आडतीवर आलं तेव्हा मी ज्वारीच्या पोत्यावर बसलो होतो. वाचून तिथंच बसून राहिलो. आब्बा म्हणाले, "काय झालं?" मी म्हणालो, "रामकिशनला कळलं."

शाळेत तू माझ्या मराठीच्या चुका काढायचास, आताही काढशील. काढ.

डोंगरकड्याला, गोजरबाईच्या माहेरी, जाऊन आलो. गोजरबाईची आई, पंचफुला मावशी, ओट्यावर शेंगा फोडत होती. मला पाहून म्हणाली, "काहून रे हैदर, तो त्या दर्यात बसून काय करून राहिला?"

"बत्ती लावून राहिला, मावशी."

"कोणासाठी?"

"जहाजांसाठी."

"जहाजवाले लई लागून गेले त्याचे," म्हणाली, आणि पदरात शेंगा घालून मला दिल्या. तुझ्यावर राग नाही तिचा. असता तर शेंगा दिल्या नसत्या.

कावळ्याचं मनावर घेऊ नको. जास्त लिहीत नाही.

आता उंदरांचं. आमचा हमाल खेमा यातला उस्ताद आहे. त्याला विचारलं तर हातातलं पोतं खाली ठेवून त्यानं मला शाळाच शिकवली. "उंदीर लई शाना, मालक. नव्या खान्याला पह्यल्या दिशी तोंड लावत न्हाई. त्याला आधी पाव्हणा करा. आठ दिस रोज एकाच जागी, एकाच येळी, एकाच हातानं चांगलं खाऊ घाला. त्याला वाटलं पाह्यजे, हे माझंच घर हाय. मंग नवव्या दिशी त्याच्यात औषध. अन् एक ध्यानात ठेवा, दुसरीकडं पोट भरून राहिला असंल तर तुमच्या सोन्याच्या ताटाकडं बी पाहत न्हाई."

तेव्हा तुमचं धान्य आधी पत्र्याच्या डब्यात बंद कर, खरकटं समुद्रात टाक. औषधाची पुडी आणि ज्वारीचं पीठ पार्सलानं पाठवतो. पाखरं ते खाणार तर नाहीत ना, याचा बराबर विचार कर.

जाहेदा म्हणते, "उंदरंच मारायचे होते तर एवढ्या दूर काहून गेले भाऊजी? घरी काय कमी होते?" ती अशीच बोलते. गोजरबाईचं आणि तिचं जमायचं.

तुझा,
हैदर

---

काळधोंडा बेट,
ता. १५ जानेवारी १९३९

प्रिय हैदर,

पार्सल मिळालं. खेमाने सांगितलं तसंच केलं. ज्वारीच्या पिठाच्या गोळ्या, आठ दिवस नुसत्या, मग औषधाच्या. बत्तीच्या बाजूचे, म्हणजे उत्तरेकडचे उंदीर संपले. स्वयंपाकघरात महिनाभर एकही दिसला नाही. हरिचंद आता हसत नाही. तो स्वतः पीठ मळतो आणि मला म्हणतो, तुझ्या हमालाक हंयसर बोलाव.

पण दक्षिणेकडे काही उपयोग होत नाही. पक्षी अंडी घालतात त्या कपारी तिकडेच आहेत. तिथल्या उंदरांना मी डिसेंबरात आठ दिवस गोळ्या घातल्या, पुन्हा जानेवारीत दहा दिवस घातल्या. ते हुंगून निघून जातात. गोळ्या वाळून जातात. काय चुकतं ते कळत नाही. कदाचित तिकडचे जास्त हुशार असतील. खेमाला विचार.

आणखी एक सांगायचं आहे, ते फक्त तुला सांगतो. दादाचं पत्र आल्यापासून मी रोज संध्याकाळी जेवायच्या आधी गोजरच्या नावाने भाताचा घास काढून ठेवतो. इथे कावळा नाही. बेटावर मी एकदाही पाहिलेला नाही. म्हणून पहिले काही दिवस घास तसाच राहायचा आणि मला जेवण जात नसे. मग दिवाळीनंतर एका सकाळी पाहिलं तर जागा स्वच्छ होती. तेव्हापासून रोज घास जातो. एक शीतही राहत नाही. आता मी मूठभर ठेवतो, तोही जातो.

मी शिकलेला माणूस आहे, मला कोणी हसावं असं वाटत नाही. पण दहाव्याला नाही तर आता तरी तिने घेतलं, असं वाटून झोप लागते. आश्विनापासून झोप लागत नव्हती.

तुझा,
रामकिशन

---

आखाडा बाळापूर,
ता. २० फेब्रुवारी १९३९

रामकिशन,

पत्र मिळालं. तुला झोप लागते हे वाचून जाहेदालाही बरं वाटलं.

इथं कापसाची धावपळ आहे, फुरसत नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. खेमा दक्षिणेकडच्या उंदरांबद्दल काही गोष्टी विचारतो, त्यांची उत्तरं दे. ते सुरय पक्षी आता बेटावर आहेत का, आणि खातात काय? दुसरं कोणतं पाखरू, मुंगूस, मांजर आहे का? समुद्राचे खेकडे वर किती चढतात? आणि तू घास नेमका कुठं ठेवतोस?

शेवटचं खेमानं विचारलेलं नाही, मी विचारतो.

तुझा,
हैदर

---

काळधोंडा बेट,
ता. २८ मार्च १९३९

प्रिय हैदर,

खेमाने बारकाईने विचारलं, त्याचे आभार. पक्षी आता नाहीत. एप्रिलच्या शेवटी येतील. ते फक्त मासळी खातात, तीही समुद्रावरून स्वतः धरून आणलेली. मेलेल्या माशाकडेही पाहत नाहीत, त्यामुळे औषधाचा त्यांना धोका नाही. दुसरं पाखरू वस्तीला नाही. मांजर, मुंगूस नाही. खेकडे लाटेच्या वर दोन पुरुष उंचीपर्यंत चढतात, त्याच्या पुढे नाही.

घास मी दक्षिणेच्या टोकाला, वर, एका मोठ्या कपारीत सपाट दगड आहे त्यावर ठेवतो. तिथे पावसाचं पाणी येत नाही, वाराही लागत नाही. तिथून दक्षिण दिशा मोकळी दिसते म्हणून ती जागा निवडली. पक्षीही तिथे दाटीने बसतात. गेल्या वर्षी सहा दिवस बसून राहिलेलं पाखरू त्याच कपारीतलं.

पक्षी यायला महिना उरला आहे आणि दक्षिणेचे उंदीर जसेच्या तसे आहेत. मे संपता संपता शेवटची होडी. काही उपाय असेल तर लवकर कळव.

तू माझ्या घासाबद्दल का विचारलंस?

तुझा,
रामकिशन

---

आखाडा बाळापूर,
ता. २४ एप्रिल १९३९

रामकिशन,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. तुमच्या रिवाजात मी बोलावं की नाही, हे मला माहीत नाही. पण बोललो नाही तर पावसाळा येईल.

जानेवारीतलं तुझं पत्र आलं तेव्हा मी खेमाला फक्त एवढंच सांगितलं, की एका बाजूचे उंदीर गोळीला तोंड लावत नाहीत. तो लगेच म्हणाला, "तिकडं त्यांना कोण जेवू घालून राहिलं?" मला तेव्हाच कळलं. तरी मी तुला प्रश्न विचारत बसलो. वाटलं, एखादा खेकडा निघेल, एखादं पाखरू निघेल. तू एकेक करून सगळे खोडून काढलेस.

घास उंदीर खातात, रामकिशन.

आता कावळ्याचं सांगतो. तेही मी लपवलं होतं. दहाव्याला मी नदीवर होतो. लांब, बाभळीखाली उभा होतो. त्या दिवशी नदीच्या वरच्या अंगाला एक म्हैस मरून पडली होती. डोंगरकड्यातले झाडून सगळे कावळे तिच्यावर होते. एवढा कालवा चालला होता की भटजींचे मंत्र ऐकू येईनात. मी लिंबाजीदादाला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, कावळे तिकडं आहेत." तो म्हणाला, "हैदर, हे रामकिशनला लिहू नको. बायकोच्या दहाव्याला म्हैस आडवी आली, हे काय सांगायचं?" म्हणून मी लिहिलं नाही. लिहायला पाहिजे होतं. तिचं मन कशात अडकलं, हा विचार करत तू सहा महिने काढलेस. ते कशातच अडकलं नव्हतं. कावळ्यांचं पोट भरलेलं होतं, एवढंच.

खेमा म्हणतो, दक्षिणेकडे आता नवी जागा करू नका. त्या उंदरांना सहा महिने एकाच जागी, एकाच वेळी, एकाच हातानं खाऊ घातलेलं आहे. यापेक्षा पक्की जागा मिळणार नाही. ज्वारीच्या गोळ्या नकोत. त्याच दगडावर, त्याच वेळी, भातच ठेवायचा, औषध घालून. आणि तूच ठेवायचा, कारण त्यांना तुझ्या हाताचा वास माहीत आहे.

मी त्याला म्हणालो, हे त्याला कसं सांगू? तो पोतं उचलून गेला.

मग मी पंचफुला मावशीकडे गेलो. वाटलं, ती नको म्हणाली तर मी लिहिणारच नाही. सगळं सांगितलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "भात? माझ्या लेकीनं उभ्या जन्मात भात मागून खाल्ला न्हाई. ताप आला की मीच चारायची, तवा तोंड वाकडं करून खायची."

मी निघायला उठलो.

"त्याला लिव्ह," म्हणाली, "ती उपाशी गेली न्हाई. आदल्या दिशी सांजच्याला भाकर कुस्करून दुधात दिली. चार घास खाल्ले. पाचवा नको म्हणाली. माझ्या हातानं खाल्ले, अन् म्हणं उपाशी." मग मला म्हणाली, "त्या पाखराचे लेकरं राहू दे म्हणावं. एवढं करावं त्यानं."

औषधाची दुसरी पुडी पाठवली आहे. वापर किंवा समुद्रात टाक. मी पुन्हा विचारणार नाही.

मला माफ कर.

हैदर

---

काळधोंडा बेट,
ता. २९ मे १९३९

हैदर,

पत्र आणि पुडी मिळाली. पक्षी आले आहेत.

तुला हे माझ्या जानेवारीच्या पत्रानेच कळलं होतं आणि तू मला एप्रिलपर्यंत घास ठेवायला लावलंस. म्हैस तर तुला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

उद्या शेवटची होडी जाते. त्यानंतर चार महिने टपाल नाही. लिंबाजीदादाला माझी खुशाली कळव. मावशीला नमस्कार.

रामकिशन

---

काळधोंडा बेट,
ता. ६ ऑक्टोबर १९३९

प्रिय हैदर,

काल पहिली होडी आली. विलायतेकडे लढाई सुरू झाल्याचं होडीवाल्यांनी सांगितलं. तुझी तीन पत्रं होती. तिन्हीत तू माफी मागितली आहेस. आता मागू नको. मी मेमध्ये रागाने लिहिलं, तो राग इथल्या पावसात टिकला नाही. चार महिने दोन माणसं आणि एक बत्ती. कोणावर रागावत बसणार?

आधी पक्ष्यांचं सांगतो. दक्षिणेच्या कपारींत अंडी घातली गेली आणि राहिली. ऑगस्टमध्ये पिल्लं कपारीच्या तोंडाशी येऊन उभी राहू लागली. राखी ठिपक्यांची, आईबापांपेक्षा आकाराने फारशी लहान नाहीत, पण सारखी खायला मागतात. मी आणि हरिचंदने मोजली, एकूण सत्तावीस उडून गेली. शेवटचं गणेश चतुर्थीच्या आसपास गेलं. हरिचंदला त्याची एवढी सवय झाली होती की दोन दिवस तो "खंय गेलो तो?" असं म्हणत कपारीकडे बघत होता. अंडी खाण्याबद्दल आता तो काही बोलत नाही.

बाकीचंही तुला सांगायला हवं. दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

होडी गेल्यावर तीन दिवस मी काही केलं नाही. घासही ठेवला नाही. त्या तीन दिवसांत कपारीत दोन अंडी फुटली. उंदरांना भात मिळाला नाही, म्हणून ते लगेच अंड्यांकडे वळले. ते पाहिल्यावर मग विचार करायला काही उरलं नाही.

हरिचंदला पुडीचं सांगितलं. तो म्हणाला, "तू बस. मी ठेवतंय." मी नको म्हणालो. खेमाने सांगितलं होतं की हात तोच पाहिजे, आणि दुसऱ्याच्या हाताने ते करावं असं मलाही वाटेना. रोजच्यासारखा भात शिजवला. त्यात औषध कालवलं. रोजच्या वेळी गेलो आणि त्याच दगडावर ठेवला. रोज मी ठेवताना तिचं नाव घ्यायचो. त्या दिवशी घेतलं नाही. पाच दिवस तसाच ठेवला, पाचही दिवस नाव घेतलं नाही. जाता-येता तोंड मिटून होतो. चुकून निघू नये म्हणून.

पहिल्या सकाळी चौदा उंदीर मेलेले सापडले. दुसऱ्या सकाळी नऊ. मग चार. शेवटचे दोन दिवस एकही नाही. खड्डा करून पुरले. पक्षी माझ्या डोक्यावरून ओरडत फिरत होते. त्यांना मी आणि उंदीर सारखेच.

दगड समुद्राच्या पाण्याने तीन वेळा धुतला. पण संपले की नाही, हे कळायला एकच मार्ग होता. साधा भात ठेवायचा आणि सकाळी पाहायचं. राहिला तर उंदीर संपले.

हैदर, दिवाळीपासून रोज सकाळी त्या दगडाकडे जाताना मी मनात म्हणायचो, गेलेला असू दे. त्या दिवशी मला म्हणावं लागलं, राहिलेला असू दे. तेच पाय, तीच वाट. मी अर्ध्यावर थांबलो आणि हरिचंदला पुढे पाठवावं असं मनात आलं. मग गेलो.

भात तसाच होता. शीतन् शीत. शेजारी हातभर अंतरावर सुरय अंड्यावर बसली होती. माझ्याकडे चोच करून होती, भाताकडे तिचं लक्षही नव्हतं.

आठ दिवस तो तिथेच ठेवला, पुरती खात्री व्हावी म्हणून. वाळून त्याचे खडे झाले. कोणी आलं नाही. मी रोज पाहायला जायचो. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. उंदरांसाठीच, असं बत्तीच्या वहीत लिहिलं आहे.

घास पाण्यात सोडायचीही रीत आहे. मला ती पहिल्यापासून माहीत होती आणि चारही बाजूंनी पाणीच आहे. पण पाण्यात सोडलेला घास कोणी घेतला की नाही ते दिसत नाही, म्हणून मी तो कधी सोडला नव्हता. नवव्या संध्याकाळी ते खडे दगडावरून ओंजळीत गोळा केले, टोकाला गेलो आणि तिचं नाव घेऊन खाली सोडले. वारा होता. काही माझ्याच अंगावर परत आले. ते झटकले. मग थांबलो नाही, बत्ती लावायची वेळ झाली होती.

मावशीला सांग, पाखरांची लेकरं राहिली.

तुझा,
रामकिशन